जर्मन क्लायंट कॉलवर सगळ्यांसमोर चूक काढतो, आमची टीम नुसतं ‘हो’ म्हणते. त्यांना स्पष्ट बोलायला कसं शिकवू?

तुम्ही लिहिलंय की ऐरोलीच्या ऑफिसातल्या कॉलवर जर्मन लीड बाराजणांसमोर म्हणाला, ‘हे मॉड्यूल चुकीचं आहे, शुक्रवारपर्यंत होईल का?’ तुमचा डेव्हलपर ‘हो’ म्हणाला आणि शुक्रवारी काहीच आलं नाही. आता ट्रेनिंग लावायचा विचार आहे. नका लावू. ‘भारतीयांना नाही म्हणता येत नाही’ हे दोन दिवस ऐकवतात आणि एचआरच्या फाइलीत एक टिक पडते. हाच मुलगा रिक्षावाल्याला, बिल्डरला, प्रसंगी सासऱ्यालाही नाही म्हणतो.

तो ‘हो’ का म्हणाला ते बघा. आधीची तारीख तुम्ही दिली होती. चारचौघांत त्याने ‘नाही होणार’ म्हटलं असतं तर तोंडघशी तुम्ही पडला असता. म्हणजे स्वतःची कमी आणि तुमची लाज त्याने जास्त राखली. संवादशास्त्राच्या अभ्यासक स्टेला टिंग-टूमी यांनी १९८०च्या दशकात हेच मांडलं: काही समाजांत माणूस भांडणात आधी स्वतःची प्रतिष्ठा सांभाळतो, काही समाजांत समोरच्याची आणि नात्याची. जर्मनाला प्रतिष्ठा नसते असं मात्र समजू नका. ‘चुकीचं आहे’ हे तो कामाबद्दल बोलतो, त्यात त्याला कुणाचा पाणउतारा दिसत नाही. पण तुमची तारीख त्याने त्याच्या साहेबाला सांगितलेली असते. शुक्रवारी संध्याकाळी ती हुकल्याचं कळलं की त्याचं नाक कापलं जातं, आणि ते तो विसरत नाही.

दोघांचीही अब्रू एकाच गोष्टीने वाचते: वाईट बातमी कॉलच्या आधी, एकाच माणसाला. कॉल त्यांच्या सकाळी साडेनऊला असला, तरी आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात दुपारचा एक वाजतो, हिवाळ्यात दोन. तुमच्याकडे अख्खी सकाळ आहे. अकराच्या सुमारास डेव्हलपरशी पंधरा मिनिटं एकट्याने बोला, आणि ‘होईल का?’ विचारूच नका. त्याला उत्तर एकच येतं. ‘काय राहिलंय, कशावर अडलंय, कोणाकडून काय हवंय’ हे विचारा. टेस्ट डेटा आलेला नाही, हे अशाच वेळी बाहेर येतं. मग कॉलआधी जर्मन लीडला, फक्त त्यालाच, चार ओळींची मेल टाका. पहिल्याच ओळीत: शुक्रवार हुकतोय, मंगळवारी देतो. दुसरीत कारण, तिसरीत आज काय मिळेल, चौथीत त्याच्याकडून काय हवंय. आपली सवय आधी आभार, मग पार्श्वभूमी, मग दिलगिरी आणि तळाशी बातमी. तो तळापर्यंत पोचतच नाही. माफी एकदाच. तीनदा मागितली की त्याला वाटतं, काहीतरी लपवताहेत.

सीसीमध्ये त्याचा साहेब नको. आपल्याकडे पुरावा म्हणून सीसी लावायची खोड आहे. इथे तिचा अर्थ तक्रार असा होतो, आणि पुढच्या वेळी तोही तुमच्या साहेबाला सीसीत घेतो.

तरीही कॉलवर चूक निघालीच, तर उत्तर तुम्ही द्या: ‘बरोबर आहे, उद्या दुपारी दोनपर्यंत दुरुस्तीची तारीख लेखी देतो.’ आणि द्या. डेव्हलपरचं नाव तेव्हा घेऊ नका. दुरुस्ती झाल्यावर त्याच कॉलवर, त्याच लोकांसमोर घ्या. गेलेली पत तिथेच परत मिळते, खासगीत पाठ थोपटून नाही. लीड लोकांना हे का सुचत नाही कोण जाणे. ज्युनिअरला पुढे ढकलून ‘तू सांग’ म्हणणारे वागळे इस्टेटपासून महापेपर्यंत पैशाला पासरी आहेत, आणि वर टीमला भित्री म्हणायला तेच पुढे.

जपानी क्लायंट असेल तर आधी बोलून घेणं आणखी गरजेचं: तिथे मीटिंगमध्ये नवं काही काढायचं नसतं, एकेकाची संमती आधीच घ्यायची असते. ‘विचार करून सांगतो’ आलं तर बहुधा नकार समजा.

आणि हो, प्रोडक्शन, म्हणजे ग्राहक रोज वापरतात ती सिस्टिम, बंद पडलं किंवा डेटा फुटला तर यातलं काहीही करत बसू नका. फोन उचला, सगळ्यांना एकदम सांगा, कुणामुळे झालं ते नंतर.