आयर्लंडमधला हाता-पायांनी खेळायचा गेलिक फुटबॉल आज पूर्वीपेक्षा कंटाळवाणा झाला आहे का?

झाला होता, आता नाही. 2011 ची डब्लिन-डोनेगल या आयरिश काउंटी संघांमधली उपांत्य लढत आठवा: डोनेगलचे जवळजवळ सगळे खेळाडू स्वतःच्या गोलपुढे दाटीवाटीने उभे, आणि डब्लिनचा विजय फक्त 8 विरुद्ध 6 गुणांनी! पुढे बरेच संघ तसंच खेळू लागले. चेंडू या हातातून त्या हातात, आडवा नाहीतर मागे. लांब किक आणि उंच उडी मारून झेल, म्हणजे या खेळाचा जीवच, दिसेनासे झाले.

2025 मध्ये नियम बदलले. किमान तीन खेळाडू समोरच्या अर्ध्यातच ठेवायचे आणि 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटला (चेंडू गोलच्या आडव्या दांडीवरून गेला की पॉइंट) एकाऐवजी दोन गुण. त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात केरी काउंटीने डोनेगलला 1-26 विरुद्ध 0-19 असं हरवलं (आधी गोल, मग पॉइंटचे गुण; एक गोल म्हणजे तीन गुण). मध्यंतराच्या तोंडावर केरीच्या डेव्हिड क्लिफर्डने लांबून मारलेला तो दोन गुणांचा फटका जरूर बघा!