'तांबडं फुटलं' म्हणतो, 'लाल फुटलं' का नाही?

बेळगाव भागातल्या चिकोडीकडच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या घरी जेवायला बसलं की उसाचं बिल आणि सोसायटीचं कर्ज, दुसरं बोलणंच नसे. शेवटी त्यांनी नियम केला: ताटावर पैशांचं काढायचं नाही, रोज एका रंगावर बोलायचं. पहिल्याच रात्री धाकट्यानं विचारलं, "आज्जी तांबडं फुटलं म्हणते, लाल फुटलं का म्हणत नाही? दोन्ही एकच की!"

ताई, पोरानं नेमकं विचारलंय. दोन्ही एकच नाहीत.

तांबडा हा तांब्याचा रंग. मूळ संस्कृत 'ताम्र'. चिंचेनं घासलेली घागर डोळ्यांपुढे आणा. तिच्यात लाली आहे, नारिंगी आहे, थोडी मातकट झाकही आहे. सूर्य उगवायच्या आधी पूर्वेला दिसतं ते हेच. 'लाल' आपल्याकडे फारसीतून आला, आणि तिथं 'लाल' म्हणजे माणकासारखं रत्न. म्हणजे एक शब्द भांड्यावरून आलेला, दुसरा दागिन्यावरून. पहाटेला भांड्याचा रंग असतो, म्हणून आज्जीचं बरोबर.

तुमच्या ताटातच दोन्ही सापडतील. डब्यात असतं ते लाल तिखट. आपल्याकडे रंगाला ब्याडगी आणि झणक्याला संकेश्वरी मिरची. तेच तिखट मटणाच्या रश्श्यात पडून तेल सुटलं, की होतो तांबडा रस्सा. 'लाल रस्सा' म्हटलं तर कुणी अडवणार नाही, पण कानाला परकं वाटतं. तांबड्या भोपळ्याचंही तसंच. कापल्यावर तो नारिंगी दिसतो, तरी तांबडाच, कारण या शब्दाचं अंगण मोठं आहे. गाय तांबडी, सोयाबीनच्या पानावर पडतो तो तांबेरा, पश्चिमेला उतरतं ऊन तांबूस. लाल दिवा, लाल शाई, लाल शेरा इथं मात्र लालच शोभतो. ठळक, एकसारखा, दुरून दिसणारा.

मातीबद्दल मला थोडं आग्रहानं बोलायचंय. खानापूरकडची माती तांबडी, तिथली कौलंही तांबडी. तिथून पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडे गेलं की जमीन काळी होते. हल्ली पोरांच्या तोंडी सरसकट 'लाल माती' येते. ते चूक नाही, पण तांब्याची ती झाक त्यात हरवते. कन्नड शेजाऱ्याला ही अडचण नाही. त्याचा 'केंपु' तिखटालाही चालतो आणि मातीलाही. केंपु मण्णु याचं आटोपशीर 'केम्मण्णु' त्यानं करून ठेवलंय. आपल्याकडे दोन शब्द आहेत, तर दोन्ही वापरावेत असं मला मनापासून वाटतं.

पैसा या खेळातही डोकावेल, ताई. काळा रंग निघाला की कुणीतरी काळा पैसा काढणार, पांढऱ्याला पांढरं सोनं, म्हणजे कापूस. तेव्हा पोरांना जुनी जोडी सांगा: काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे गावाची वस्ती. बोलणं हिशेबावरून गावावर येईल.

तपकिरीची पाळी आली की निपाणीचं नाव घ्यायला विसरू नका. तपकीर म्हणजे नाकात ओढायची तंबाखूची पूड. त्या पुडीचा रंग तो तपकिरी. तंबाखूच्या मुलखातल्या पोरांना हा शब्द फोडून सांगावाही लागणार नाही.

आणि उद्यासाठी जांभळा घ्या. जांभळा जांभळावरून, हे पोरं लगेच सांगतील. मग शेजारच्या कन्नड घरातल्या पोराला हाक मारून विचारा, तुमच्यात या रंगाला काय म्हणतात? तो 'नेरळे' म्हणेल. मग त्याला विचारा, जांभळाच्या फळाला काय म्हणता? तो म्हणेल, 'नेरळे हण्णु'.