अभिजात की साधक, हे आधी ठरवा
वर्तन-विश्लेषण नव्याने शिकताना वर्तन कसे दिसते यापेक्षा ते कशामुळे घडते आणि टिकते हे आधी पाहा. शास्त्रज्ञ पावलोव्हच्या प्रयोगातल्या कुत्र्याला लाळ सुटे ती आधी आलेल्या उद्दीपकामुळे, म्हणजे अन्नाशी जोडल्या गेलेल्या खुणेमुळे; हे अभिजात अभिसंधान, म्हणजे खुणेशी जोडून शिकणे. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगातला उंदीर तरफ दाबे तो पूर्वी दाबल्यावर अन्न मिळाले म्हणून; हे साधक अभिसंधान, म्हणजे परिणामातून शिकणे. खरी कसोटी मात्र रडण्यासारख्या वर्तनात लागते: सुई दिसताच मूल रडते ते अभिजात अभिसंधानामुळे असू शकते, आणि रडल्याने इंजेक्शन टळत गेले, तर तेच रडणे साधक अभिसंधानाने टिकते. माझ्या मते बहुधा दोन्ही एकत्रच असतात. म्हणून विलोपनाची, म्हणजे शिकलेले वर्तन नाहीसे करण्याची, घाई करू नका. पहिल्यात सुई वेदनेविना पुन्हा पुन्हा दाखवावी लागते, तर दुसऱ्यात रडण्यामुळे मिळणारी सुटका थांबवावी लागते, आणि भेद न ओळखता मुलाला धरून टोचल्यास भीती वाढू शकते.