‘तूट’ आणि ‘तोटा’ : अर्थसंकल्पाच्या बातमीत कोणता शब्द कुठे?

प्रश्न असा आहे : ‘केंद्राला २०२५-२६ मध्ये १५ लाख ६९ हजार कोटींचा तोटा’ हा मथळा चालेल का? आणि राजकोषीय, वित्तीय, महसुली तूट ही एकाच गोष्टीची नावे आहेत का?

मथळा चालणार नाही. तोटा धंद्यात होतो. नफातोटा पत्रकात उत्पन्नातून खर्च वजा करतात आणि त्या खर्चात घसाराही (मालमत्तेची वापरामुळे दरवर्षी घटणारी किंमत) धरतात. सरकारचा अर्थसंकल्प रोखीच्या हिशोबावर चालतो, त्यात घसारा नसतो. समजा, शंभर कोटींचा उड्डाणपूल बांधला. ज्या वर्षी कंत्राटदाराला जेवढे पैसे दिले, तेवढे त्याच वर्षीच्या खर्चात पडतात आणि तूट वाढते. पण पूल पुढे कित्येक वर्षे वापरात राहणार, म्हणजे तोटा काहीच झालेला नाही. उलट सरकारी कंपनीचे शेअर विकले की तूट कमी दिसते, आणि हातची मालमत्ता मात्र गेलेली असते. बेस्टच्या बातम्यांत तर दोन्ही शब्द लागतात : बस चालवण्यात होतो तो तोटा, अर्थसंकल्पात येते ती तूट. (‘पैशाला तोटा नाही’ यातला तोटा म्हणजे टंचाई. तो अर्थ अस्सल आहे, पण हिशोबाच्या वाक्यात आणू नये.)

राजकोषीय आणि वित्तीय तूट एकच. एका लेखात दोन्ही नावे वापरू नयेत एवढेच. कर्ज सोडून सरकारकडे येणारी सगळी रक्कम आणि एकूण खर्च यांतले अंतर म्हणजे ही तूट. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पी अंदाजात खर्च ५०.६५ लाख कोटी, कर्जेतर जमा ३४.९६ लाख कोटी, फरक १५.६९ लाख कोटी, म्हणजे जीडीपीच्या ४.४ टक्के.

महसुली तूट वेगळी. पगार, पेन्शन, व्याज, अनुदाने हा रोजचा खर्च कर आणि इतर महसुलातून भागला नाही की ती येते. त्याच अंदाजात ती ५.२४ लाख कोटी आहे. विकसनशील देशाची तब्येत बघायची तर मी आधी हा आकडा बघेन, कारण बंदरासाठी काढलेले कर्ज आणि पगारासाठी काढलेले कर्ज सारखे नसते. राजकोषीय तुटीतून व्याजाचे १२.७६ लाख कोटी वजा केले की उरते ती प्राथमिक तूट : २.९३ लाख कोटी. नव्या कर्जाचा केवढा भाग जुन्या कर्जाच्या व्याजाएवढा आहे, ते इथे उघडे पडते.

चालू खात्यावरील तूट तर सरकारची नसतेच, ती सगळ्या देशाच्या परकीय व्यवहारांची असते. रुपयातली तूट रोखे विकून भरता येते. डॉलर मात्र कमवावे किंवा उसने आणावे लागतात. १९९१ मध्ये ते संपत आले, तेव्हा रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण ठेवावे लागले. श्रीलंकेने २०१९ च्या अखेरीस व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला आणि महसूल आटला. पुढे कोविडमध्ये पर्यटन बुडाले, परकीय गंगाजळी संपली आणि एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबवावी लागली. तिथे राजकोषीय आणि चालू खात्यावरील अशा दोन्ही तुटी होत्या. बातमीत नुसते ‘तूट’ लिहिले तर कोणती कशामुळे चिघळली, ते कळणार नाही.

‘तूट घटली’ लिहिण्याआधी ती दुसऱ्या वहीत तर गेली नाही ना, हे तपासावे. अन्न महामंडळाला देण्याचे अनुदान केंद्राने काही वर्षे अल्पबचत निधीच्या कर्जातून भागवले, त्यामुळे ते तुटीत दिसत नसे. २०२१ च्या अर्थसंकल्पात ती प्रथा बंद करून हिशोब मुख्य पुस्तकात आणला.

आता लेखन. सामान्यरूपात ऊ ऱ्हस्व होतो : ‘तुटीचा अर्थसंकल्प’, ‘तूटीचा’ चूक. तूट येते, राहते, भरून काढतात. तोटा होतो, सोसावा लागतो. विरुद्धार्थी विशेषण ‘शिलकी’, मुंबई महापालिकेच्या अर्थसंकल्पाच्या बातम्यांत नेहमी भेटणारे. ‘तुटीचा अर्थभरणा’ मात्र जपून वापरावा. आपल्याकडे तो रिझर्व्ह बँकेकडून थेट नवा पैसा घेऊन खर्च भागवण्याला रूढ झाला, आणि त्यासाठीची तदर्थ हुंड्यांची (सरकारने रिझर्व्ह बँकेला द्यायच्या अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांची) पद्धत १९९७ मध्ये बंद झाली. बाजारातून कर्ज काढले असेल तर ‘कर्जउभारणी’ लिहावे.