तबकडी लावण्याआधी

प्रिय तरुण रसिकास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. आजोळच्या माळ्यावरून 37 तबकड्या आणि चावीचा पोर्टेबल ग्रामोफोन सुखरूप खाली उतरला, हेच मोठं भाग्य. आता तुझ्या मनात एकच असणार, की चावी द्यावी, सुई टेकवावी आणि ऐकावं. ते आज करू नकोस. उद्याही नको. जुन्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स, म्हणजे सुई धरणारी आणि आवाज काढणारी गोल डबी, तबकडीवर 100 ग्रॅमहून जास्त भार टाकतो, आणि तो सगळा भार सुईच्या टोकावर येतो. खाचेत इतक्या वर्षांची धूळ बसलेली असताना सुई फिरवलीस तर ती धूळ खाचेच्या भिंतीत कायमची रुतेल. नंतर कितीही धुतलीस तरी तो खरखराट जाणार नाही.

आधी तबकडी कशाची आहे ते समजून घे, म्हणजे पुढची प्रत्येक सूचना आपोआप पटेल. या तबकड्या लाखेच्या. लाखेत दगडाची बारीक भुकटी, काजळी आणि थोडे कापसाचे तंतू मिसळून, गरम असताना दाबून त्या बनवत. लाख खाच धरून ठेवते, पण ती ठिसूळ असते. हातातून फरशीवर पडली की तबकडी संपली. भुकटी मुद्दाम घातलेली असे. पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत त्या भुकटीवर घासून खाचेच्या आकाराची होते आणि मग नीट बसून वाजते. पण घासणं तिथे थांबत नाही. तीन मिनिटांची बाजू संपेपर्यंत सुईच्या टोकाला दोन्ही अंगांनी धार येते आणि त्या सुईनं दुसरी बाजू लावलीस तर ती धार खाच तासत जाते. म्हणून एका बाजूला एक सुई, आणि वापरलेली सुई लगेच वेगळ्या डबीत. पूर्वी एका डबीत 200 सुया मिळत त्या यासाठीच. सुई वाचवायला गेलास की गाणं जातं.

आता धुणं. सगळ्या तबकड्या एकदम काढू नकोस. एका बैठकीत चार-पाच पुरे. बुरशीचे पांढरे डाग असतील तर त्या आधी गॅलरीत ने, तोंडाला मास्क लाव आणि मऊ ब्रशनं कोरड्याच झाड. मग एक लिटर डिस्टिल्ड वॉटर घे. बॅटरीवाल्याकडे मिळतं ते चालेल, फक्त त्यात आम्ल मिसळलेलं नाही ना ते विचार. त्यात भांडी घासायच्या सौम्य लिक्विडचे दोन-तीन थेंब टाक. जास्त नको, फेसाचा थर खाचेत वाळतो आणि सुईपुढे मळ होऊन गोळा होतो. टेबलावर जाड टॉवेल अंथरून तबकडी त्यावर आडवी ठेव. मधल्या लेबलवर एखादं प्लास्टिकचं झाकण दाबून धर, कारण लेबलची शाई एकदा पसरली की गायकाचं नावही गेलं. मऊ कापड किंवा मखमलीचा तुकडा ओला करून, पिळून, खाचेच्या दिशेनं गोल गोल फिरव. खाचेला आडवं कधीच पुसू नकोस. एका बाजूला मिनिटभरापेक्षा जास्त ओलावा राहू देऊ नकोस. लाख पाणी थोडंफार शोषते, आणि तबकडीला चीर असेल तर पाणी आत शिरून थर उचलतो. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरच्या दुसऱ्या कापडानं साबण काढ, कोरड्या कापडानं टिपून घे आणि ताटाळ्यात उभी करून दोन तास पंख्याखाली ठेव. उन्हात ठेवलीस तर ती वाकेल.

स्पिरिट, कोलन वॉटर, काचा पुसायचा स्प्रे यांतलं काहीही लाखेच्या तबकडीजवळ आणू नकोस. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच लाकडाला पॉलिश करतात. तुझ्या तबकडीचंही क्षणात तेच होईल आणि खाचा पुसट होतील. नेमकी इथेच गफलत होते, कारण नंतरच्या काळातल्या, व्हिनाइल या प्लास्टिकच्या एलपी स्पिरिट मिसळलेल्या द्रावणानं पुसल्या तरी त्यांना काही होत नाही. दोन्हींतला फरक हातातच कळतो. व्हिनाइल किंचित लवतं आणि हलकं लागतं. लाखेची तबकडी जड आणि ताठ असते, आणि नखानं कडेवर टिचकी मारली तर खणखणीत वाजते. तुझ्या ढिगाऱ्यात एखादी लवणारी तबकडी निघालीच, तर ती चावीच्या ग्रामोफोनवर एकदाही लावू नकोस. पोलादी सुई एका वाजवण्यात ती नांगरून टाकेल.

दोन तबकड्यांना चीर आहे म्हणतोस. चीर कडेपासून आत किती गेली आहे ते उजेडात तिरपी धरून बघ. चीर गेलेली तबकडी वाजते, पण प्रत्येक फेरीला एक टिक येतं, म्हणजे दहा सेकंदांत तेरा वेळा. ती जड साउंडबॉक्सखाली नकोच. विजेवरच्या टर्नटेबलच्या हलक्या पिकअपवर, म्हणजे सुई धरणाऱ्या भागावर, एकदा वाजवून ध्वनिमुद्रित करून घे आणि जाड पुठ्ठ्यांच्या मधे ठेवून दे.

ग्रामोफोनचं यंत्र तबकडी न लावता आधी तपास. चावी हळू दे, हाताला जड लागू लागली की थांब. फिरताना आतून मधूनच 'धप्प' असा आवाज आला, तर स्प्रिंगमधलं ग्रीस वाळून गोळा झालंय. स्प्रिंगची डबी उघडायची वेळ आली आहे, पण ते काम स्वतः करू नकोस. ताणलेली स्प्रिंग सुटली तर बोट कापून जातं. जाणत्या कारागिराकडे ने. साउंडबॉक्समधली रबराची कडी बहुधा दगडासारखी झाली असतील. मग मोठ्या सुराला आवाज फाटतो आणि पत्रा थरथरल्यासारखा वाटतो. नवी मऊ रबरी नळी बसवली की तोच साउंडबॉक्स वेगळाच बोलायला लागतो. आणि कुणी चकचकीत पितळी कर्ण्याचा 'जुना' ग्रामोफोन विकायला आणला तर घेऊ नकोस. असे कर्णे आणि पेट्या शोभेसाठी नव्यानं जोडून विकतात. त्यांचा साउंडबॉक्स आणि तो धरणारा हात निकृष्ट असतो, तबकडी खातो.

आता वेग. तू गाणारा आहेस, म्हणून यावर जास्त लिहितो. तबकडीवर 78, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्या, असं छापलेलं असलं तरी विजेवरचं ध्वनिमुद्रण येण्याआधीच्या तबकड्या नेमक्या 78 फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या असतीलच असं नाही, कमी-जास्त असतात. वेगात सहा टक्के फरक पडला की सूर एक पट्टी सरकतो. 78 च्या जागी साधारण साडेत्र्याहत्तर फेऱ्या झाल्या तर पेटीवरच्या काळी एकचा षड्ज पांढरी एकवर उतरतो, आणि गाणारीचा आवाज पोक्त वाटायला लागतो. लोक मग 'त्या काळी आवाजच जड असत' असं म्हणत बसतात. तपासायचा सोपा मार्ग असा: तबकडीखाली कागदाची बारीक पट्टी ठेव, कडेबाहेर बोटभर येऊ दे. गाणं चालू असताना, म्हणजे सुईचा भार असतानाच, अर्ध्या मिनिटात पट्टी किती वेळा समोरून गेली ते मोज. 39 आल्या तर 78. कमी-जास्त असेल तर तबकडीशेजारच्या खटक्यानं जुळव. सुरुवातीला 39 आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात 37 येत असतील, तर चावी कमी पडतेय किंवा स्प्रिंग थकलीय.

फेऱ्या बरोबर आल्या तरी मूळ मुद्रण कुठल्या वेगाचं होतं हा प्रश्न राहतोच. तिथे कान लाव. सगळ्यात जुन्या तबकड्यांत गाणं संपताना कलाकार स्वतःचं नाव सांगतात, कधी इंग्रजीतही. भारतातलं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण 1902 च्या नोव्हेंबरात कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गनं केलं, त्यात गायिका गौहर जान होत्या. मुद्रित साचे जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथे तबकड्या छापल्या जात. तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळावं म्हणून ही नाव सांगण्याची पद्धत. तुला तिचा वेगळा उपयोग आहे. गाण्यात पट्टीचा फरक कानाला फसवतो, पण बोलण्यात फसवत नाही. ते एक वाक्य चिरकं वाटलं तर वेग जास्त आहे, पेंगुळलेलं वाटलं तर कमी. ते माणसासारखं होईपर्यंत वेग फिरव आणि मग पेटीवर षड्ज शोध. तो हिंदकळता, दोन पट्ट्यांच्या मधे अडकलेला नसेल तर तू जवळ पोचलास.

साउंडबॉक्सवर रोज ऐकण्यासाठी आधीच झिजलेल्या पाच-सहा तबकड्या वेगळ्या काढ. झीज ओळखायला तबकडी दिव्याखाली तिरपी धर. चांगली काळी चमकते, झिजलेली राखाडी दिसते, आणि जिथे गायक जोरात गेला आहे तिथे जास्त. उरलेल्या तबकड्यांसाठी विजेवरचा टर्नटेबल बघ. त्याला 78 ची गती हवी, आजच्या बऱ्याच यंत्रांना फक्त 33 आणि 45 असते. पिकअपला 78 ची वेगळी सुई लाव. तिचं टोक 3 मिल (एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 76 मायक्रॉनच्या आसपास असतं. एलपीची सुई 0.7 मिलची. ती रुंद खाचेच्या तळाशी जाऊन तिथला कचरा खरवडते, खरखर तिप्पट ऐकू येते आणि माणूस तबकडीला नावं ठेवतो. भार पिकअपच्या कागदावर लिहिलेला ठेव, साधारण तीन ते पाच ग्रॅम.

ध्वनिमुद्रण संगणकावर करून घे, 24 बिट, 96 किलोहर्ट्झ, डब्ल्यूएव्ही. साडेतीन मिनिटांची एक बाजू 120 एमबीच्या आसपास जाते. तबकडी मोनो असली तरी मुद्रण स्टिरिओत कर. खाचेची एक भिंत दुसरीपेक्षा कमी झिजलेली असते, मग बरी बाजू निवडता येते. दोन्ही सारख्या असतील तर एकत्र कर, वर-खालच्या हालचालीची खरखर बरीच मरते. आजचे अॅम्प्लिफायर एलपीच्या हिशेबानं वरचे स्वर दाबतात, म्हणून 78 त्यावर घुसमटलेली वाटते. ती दुरुस्ती नंतर, प्रतीवर कर. मूळ मुद्रण जसंच्या तसं राहू दे. आवाज 'स्वच्छ' करणारी सोय तर फारच जपून वापर. खरखर काढताना ती आधी तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा झंकार, खाते, मग श्वास. केसरबाई केरकरांची जी भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानाच्या सोनेरी तबकडीवर बसून अवकाशात गेली, ती साडेतीन मिनिटांची आहे. तेवढ्या वेळेत एक तान कुठून उचलली आणि समेवर कशी टाकली हे ऐकायचं तर श्वास हवाच. बैठकीत तासभर राग मांडणारे गायक तबकडीसाठी काय ठेवत आणि काय गाळत, हा ऐकण्याचा स्वतंत्र अभ्यास आहे. एकच बाजू पाच वेळा ऐक: एकदा फक्त तबला, एकदा फक्त पेटी.

सिनेमाच्या तबकड्या वेगळ्या रचून ठेव आणि लेबल नीट वाच. त्यावर नेहमी गाणाऱ्याचंच नाव असतं असं नाही. 1949 च्या 'महल'मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर लता मंगेशकरांचं नाव नव्हतं, कामिनी हे पात्राचं नाव छापलेलं होतं. शिवाय पडद्यावरचं गाणं आणि तबकडीवरचं गाणं एकच नसतं. वाद्यं वेगळी, एखादं कडवं कमी किंवा जास्त. त्यासाठी पूर्वी थिएटरात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या मिळव. जुन्या बाजारात रद्दीच्या गठ्ठ्यात त्या सापडतात. चोपडी समोर धरून तबकडी ऐकलीस की कुठलं कडवं गाळलंय ते लगेच कळतं. चोपडीच्या गंजलेल्या पिना बोथट सुरीनं उचलून काढ, आणि फाटलं तरी सेलोटेप लावू नकोस. काही वर्षांत तो पिवळा पडतो आणि कागद घेऊन सुटतो. ही उठाठेव कशासाठी, असं कुणी विचारलं तर 'आलम आरा' आठव. 1931 चा तो बोलपट गेला, आणि त्याच्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्याच नव्हत्या, म्हणून गाणीही गेली.

ठेवायच्या कशा? उभ्या, कडेवर, एकमेकींना खेटून पण कोंबून नाही. दर वीतभर अंतरावर फळीला आडोसा हवा. आडव्या चळतीत खालच्या तडकतात. शंभर तबकड्या 20 किलोंच्या वर जातात, हे फळी ठोकणाऱ्याला आधी सांग. पाकिटं घरीच कर: आम्लमुक्त कागद, आतलं माप 26 सेंटिमीटर चौरस, शिवण एका बाजूला आणि डिंक बाहेरच्या घडीला, तबकडीला लागणार नाही असा. जुनी तपकिरी पाकिटं फेकू नकोस, त्यांवर दुकानाचे शिक्के आणि पत्ते असतात. त्यांचा वेगळा गठ्ठा बांध.

कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि महिन्यातून एकदा बदल. पावसाळ्यात धुणं बंद, दसऱ्यानंतर पुन्हा सुरू. तोवर वहीत यादी कर: लेबलचा रंग, कंपनी, तबकडीचा क्रमांक, आणि लेबलच्या कडेला लाखेत उठवलेला बारीक क्रमांक. तो तिरप्या उजेडात दिसतो. त्याच्या शेवटी डॅशनंतरचा आकडा असेल तर तोही उतरव, तो कितव्या वेळी गायलेलं मुद्रण छापलं ते सांगतो. एकाच गाण्याच्या दोन तबकड्यांवर हा आकडा वेगळा निघाला, तर तुझ्याकडे त्या गाण्याची दोन वेगळी मुद्रणं आहेत.

यादी पाठव. आणि त्या चीर गेलेल्या दोन तबकड्यांवर कुणाची नावं आहेत, ते सगळ्यात आधी कळव.

तुझा,
एक जुना श्रोता