काल फवारणी, आज तोडा: भाजीतल्या कीडनाशकाच्या अंशाबद्दल शेतकऱ्यांचे प्रश्न

प्रश्न: वांग्याचा तोडा सुरू आहे, दर पाच-सहा दिवसांनी माल निघतो. शेंडे आणि फळ पोखरणारी अळी वाढली म्हणून दुकानदाराने क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल दिलं. ‘हिरव्या त्रिकोणाचं आहे, बिनधास्त मारा, तीन दिवसांनी माल काढा’ असं सांगितलं. मारू का?

उत्तर: मारू नका. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 18.5 एससीचं (एससी म्हणजे पाण्यात मिसळायचं पातळ औषध) माहितीपत्रक उघडून बघा. टोमॅटो, मिरची आणि कोबीला शेवटची फवारणी आणि काढणी यांत 3 दिवसांचं अंतर दिलंय, भेंडीला 5 दिवसांचं आणि वांग्याला 22 दिवसांचं. दुकानदाराने टोमॅटोचा आकडा तुमच्या वांग्याला लावला. तुमचा तोडा पाच-सहा दिवसांचा, म्हणजे 22 दिवसांत चार तोडे बाजारात जाणार आणि चारही तोड्यांत अंश राहणार. हे औषध वांग्यावर वापरायचंच असेल तर फुलकळी सुरू होण्याआधी वापरा. माल सुरू झाल्यावर त्याला हात लावू नका.

हिरव्या त्रिकोणाचा गैरसमज जवळजवळ प्रत्येक गावात भेटतो. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण हे औषध अंगावर किंवा पोटात गेल्यावर किती विषारी, याची प्रत सांगतो. लाल सर्वांत जहाल, हिरवा सर्वांत सौम्य. फळात अंश किती दिवस राहील हे त्या त्रिकोणात कुठेही लिहिलेलं नसतं. ते माहितीपत्रकात, तुमच्या पिकाच्या ओळीत, प्रतीक्षा काळाच्या (शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत थांबायच्या दिवसांच्या) रकान्यात असतं. माहितीपत्रकाशिवाय डबा घेऊ नका. तुमच्या पिकाचं नाव त्यात नसेल तर ते औषध तुमच्या पिकासाठी नाही, मग शेजाऱ्याला कितीही गुण येवो.

तोडा चालू असताना फवारावंच लागलं तर वांग्यावर शिफारस असलेलं आणि कमी प्रतीक्षा काळाचं औषध निवडा. इमामेक्टिन बेंझोएट 5 एसजीला (एसजी म्हणजे पाण्यात विरघळणारे दाणे) वांग्यात 3 दिवस आहेत. मात्रा हेक्टरी 200 ग्रॅम, 500 लिटर पाण्यातून, म्हणजे 10 लिटरला 4 ग्रॅम. आधी तोडा उरकायचा आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचं, म्हणजे पुढचा तोडा येईपर्यंत प्रतीक्षा काळ आपोआप पाळला जातो. संध्याकाळी फवारून दुसऱ्या सकाळी माल तोडणं बंद करा. त्या ओल्या पानांतून आधी तोडणाऱ्या बायकांचे हात फिरतात, माल खाणाऱ्याची पाळी नंतरची.

खरं तर या किडीला औषधाआधी सापळा आणि कात्री हवी. हे मी प्रत्येक बैठकीत सांगतो आणि पुन्हा सांगतो. रोप लावल्यावर दोन-तीन आठवड्यांतच ल्युसिलुअरचे (मादीच्या वासाच्या आमिषाचे) कामगंध सापळे लावा. नर पतंग मोठ्या संख्येने पकडायचे तर हेक्टरी 100 सापळे लागतात. चार सापळे बांधावर टांगून काम होत नाही. सापळा झाडाच्या शेंड्याच्या थोडा वर ठेवा आणि पीक वाढेल तसा उचलत जा. ल्युअर महिना-दीड महिन्याने बदला. वाळलेला, मान टाकलेला शेंडा दिसला की खालून कापून प्लॉटबाहेर न्या आणि जाळा किंवा खोल पुरा. किडकी फळं बांधावर फेकू नका, तिथूनच पतंग परत येतात. सोबत 5 टक्के निंबोळी अर्क वापरा: 5 किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, फडक्यातून गाळायची, 200 ग्रॅम साबणाचा चुरा घालून 100 लिटर करायचं आणि संध्याकाळी फवारायचं. कडक उन्हात त्याचा गुण लवकर जातो. हे काम गावातल्या सगळ्या वांगीवाल्यांनी मिळून केलं तर फरक जास्त दिसतो, कारण पतंग बांध ओळखत नाही.

प्रश्न: अळी मरत नाही. दुकानदार म्हणतो, लेबलवरचा डोस कंपनी कमीच लिहिते, दुप्पट टाका आणि सोबत अजून दोन औषधं मिसळा.

उत्तर: हा सल्ला ऐकू नका. ज्या माणसाचा नफा डब्यांच्या संख्येवर आहे, त्याने दुप्पट डोस सांगावा यात नवल नाही, पण नुकसान तुमचं आहे.

लेबलवरची मात्रा आणि प्रतीक्षा काळ ही जोडी आहे. त्या मात्रेने फवारून, ठरावीक दिवसांनी नमुने तपासून तो काळ ठरवलेला असतो. मात्रा बदलली की लिहिलेला काळ तुमच्या कामाचा उरला नाही. हिशेब सोपा आहे. समजा एखाद्या औषधाचा अंश दर 4 दिवसांनी निम्मा होतो. दुप्पट टाकलंत तर साध्या मात्रेच्या पातळीवर यायलाच 4 दिवस जातात आणि प्रतीक्षा काळ त्यानंतर सुरू होतो. चौपट टाकलंत तर 8 दिवस वाढले. ढगाळ, थंड हवेत आणि पॉलिहाऊसमध्ये अंश आणखी हळू जातो, कारण ऊन आणि पाऊस दोन्ही कमी मिळतात.

अळी मरत नाही याचं कारण बहुतेक वेळा डोसमध्ये नसतं. अळी फळात शिरल्यावर फवारलं, तर दुप्पट काय नि चौपट काय, औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. अंड्यातून नुकतीच निघालेली अळी बाहेर असते तेवढ्याच थोड्या वेळात तिला गाठता येतं. ती वेळ सापळ्यात पडणारे पतंग सांगतात, म्हणून सापळे रोज मोजायचे. दुसरं कारण म्हणजे एकाच गटाचं औषध लागोपाठ मारणं. नाव वेगळं, कंपनी वेगळी, पण आतला घटक तोच. डब्यावर मोठ्या अक्षरातलं व्यापारी नाव वाचू नका, खालचं तांत्रिक नाव वाचा.

पॉवर स्प्रेवाल्यांनी विशेष लक्ष द्या. मात्रा हेक्टरी ठरलेली असते. पंप बदलला की पाणी कमी-जास्त होतं, एका क्षेत्रावर जाणारं औषध तेवढंच राहायला हवं. ‘पंपाला एक झाकण’ हे माप विसरा. तीन-चार औषधं, वर टॉनिक, वर स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य) असं एकत्र कालवण करू नका. त्या मिश्रणाचा प्रतीक्षा काळ कोणीच तपासलेला नाही.

मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला मनाई आहे. डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस आणि फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. जुना साठा म्हणून कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका आणि तालुका कृषी अधिकाऱ्याला कळवा.

प्रश्न: घरच्यासाठी एक सरी न फवारता ठेवतो. विकायच्या भाजीतलं औषध धुतल्यावर जातं ना?

उत्तर: काही प्रमाणात जातं, सगळं जात नाही. स्पर्शजन्य औषध सालीवर राहतं. वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं, साल काढली, बाहेरची दोन-तीन पानं टाकली की त्याचा बराच भाग निघतो. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात, लिटरला 10 ग्रॅम, 12 ते 15 मिनिटं ठेवून पुन्हा धुतलं तर सालीवरची काही औषधं आणखी कमी होतात. कपड्याचा साबण किंवा डिटर्जंट भाजीला लावू नका. शिजवल्यानेही काही औषधं कमी होतात.

आंतरप्रवाही औषध मात्र झाडाच्या रसातून फळाच्या गरात पोहोचलेलं असतं. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिफेट, डायमेथोएट ही त्यातली. ते धुऊन निघत नाही. ॲसिफेटचं तर झाडातच मेथामिडोफॉस होतं आणि ते मूळ औषधापेक्षा जास्त विषारी असतं. तो अंश फक्त तुम्ही शेतात थांबून कमी करू शकता. गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात त्यावर इलाज नाही.

घरची सरी वेगळी ठेवता, म्हणजे धोका तुम्हाला माहीत आहे. मग तीच काळजी बाकीच्या सऱ्यांनाही लावा. विकत घेणाऱ्याच्या घरातही लहान मुलं जेवतात. आणि हो, शेजारच्या सरीतून वाऱ्याने उडालेलं औषध घरच्या सरीवर बसतंच, त्यामुळे तीही पूर्ण सुरक्षित नसते. चकाकी यावी म्हणून तोडलेला माल औषधाच्या पाण्यात बुडवणारे काही जण पाहिले आहेत. हे कुठल्याही परिस्थितीत करायचं नाही, त्यात प्रतीक्षा काळ शून्य असतो.

प्रश्न: ‘रेसिड्यू फ्री’ (अंश न राहणारी) म्हणून जैविक बाटली मिळते, दोन दिवसांत कीड साफ होते. द्राक्षाला वापरावी का?

उत्तर: दोन दिवसांत कीड साफ करणाऱ्या, घटक न लिहिलेल्या बाटलीचा संशय घ्या. अशा काही बाटल्यांत रासायनिक कीडनाशकाची भेसळ सापडलेली आहे. तुम्ही फवारलंच नाही ते औषध तपासणीच्या अहवालात येतं आणि बागेचा माल अडकतो. बाटलीवर घटक, नोंदणी क्रमांक, बॅच आणि मुदत नसेल तर ती बागेत आणू नका. पक्कं बिल नसेल तर नंतर तक्रारही करता येत नाही.

द्राक्षवाल्यांना 2010 चा हंगाम आठवत असेल. क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि माल तिकडे अडकला. युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोला 0.01 मिलिग्रॅम ही मर्यादा लागते. म्हणजे 100 टन मालात 1 ग्रॅम. आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही मर्यादा न ठरलेल्या औषधांना हाच आकडा ठेवला आहे. तेव्हा ‘निर्यात करत नाही, मला काय’ हे म्हणणं सोडा. लेबल क्लेम असलेली (लेबलवर तुमच्या पिकाची शिफारस असलेली) औषधंच वापरा आणि प्रत्येक फवारणीची तारीख, तांत्रिक नाव, मात्रा आणि पाणी वहीत लिहा.

प्रश्न: मालात अंश आहे का ते बघायला नमुना कुठे तपासायचा, काही योजना आहे का?

उत्तर: निर्यातीसाठी अपेडाच्या (केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या) ग्रेपनेट, अनारनेट, व्हेजनेट या ऑनलाइन प्रणालींवर बागेची नोंदणी होते. सापळे आणि एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या अनुदानाचं महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर बघा. तुमच्या तालुक्यात सध्या काय चालू आहे ते गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा.

नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत द्या. बांधाजवळची झाडं सोडून प्लॉटभर फिरून, उन्हातली आणि सावलीतली फळं मिळून साधारण दोन किलो घ्या. फवारणीच्या कपड्यांत आणि न धुतलेल्या हातांनी नमुना काढू नका, औषधाच्या रिकाम्या पिशवीत तर मुळीच भरू नका. नमुना दिल्यानंतर अहवाल येईपर्यंत त्या प्लॉटमध्ये एकही नवी फवारणी करू नका, नाहीतर हातात आलेला अहवाल त्या मालाचा राहत नाही.