टेबलासाठी सागवान घेताय? आधी ओलावा बघा

सहा बाय तीन फुटांचं जेवणाचं टेबल करायचंय, फोंड्याला वखारीत जाऊन सागवान घेताना काय तपासायचं, असं तुम्ही विचारलंय. जात आणि भाव सगळेच विचारतात. मी आधी ओलावा बघायला सांगेन. गोव्यात टेबलं बिघडतात ती बहुतेक त्यापायी.

मी एकदा भर जुलैत फणसाच्या फळ्या घेतल्या. "सुकलेलं आहे" म्हणून वखारवाल्यानं सांगितलं, मी मानलं. मेस्तानं, म्हणजे सुतारानं, सुरेख जोडून दिलं. डिसेंबरात हवा कोरडी झाली आणि मधल्या दोन फळ्यांच्या कडा उचलल्या, सांधा उघडला. सगळं सोडवून पुन्हा रंधावं लागलं. फणस वाईट नव्हता, ओला होता.

म्हणून मॉइश्चर मीटर, म्हणजे लाकडातला ओलावा टक्क्यांत दाखवणारं छोटं यंत्र, बरोबर न्या. फळीचं टोक आधी सुकतं, तिथला आकडा फसवतो. मध्यावर मोजा. १२ टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम, एसी नसलेल्या घरात १५ पर्यंत चालतं. मीटर नसेल तर वजन करा. सुकलेलं सागवान घनफुटाला साधारण १८ किलो भरतं. ७ फूट लांब, ८ इंच रुंद, सव्वा इंच जाड फळी ९ किलोच्या आसपास हवी. १२-१३ भरली तर ती तिथेच ठेवा.

मग फळीचं टोक निरखा. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटतं. टोकाला वाढीची वर्तुळं कमानीसारखी आडवी दिसली तर ती फळी वाकणार. उभ्या रेघा दिसल्या तर बऱ्यापैकी सरळ राहील. वरच्या तक्त्यासाठी अशाच निवडा, चार पैसे जास्त गेले तरी. सालीकडचा पांढरट भाग कडेला असेल तर तो मापातून वगळायला सांगा. त्याला कीड आणि वाळवी लागते, मग भाव गाभ्याचा का द्यायचा?

हिशेब घरूनच करून जा: फुटांतली लांबी गुणिले इंचांतली रुंदी गुणिले इंचांतली जाडी, भागिले १४४, की घनफूट आलं. सव्वा इंची तक्त्याला १.८७, तीन इंची चौकोनी चार पायांना ०.६३, तक्त्याखालच्या चार इंची पट्ट्यांना अर्ध्याहून किंचित जास्त, म्हणजे सुमारे ३ घनफूट. तासकाम, गाठी नि कापाकापी धरून पावणेचार घ्या. तुकड्यांची यादी खिशात असली की नको ती लांबी गळ्यात पडत नाही.

जुन्या घरांचे सागवानी वासे मिळत असतील तर मी तेच आधी बघेन. ते कित्येक दशकं सुकलेले असतात. फक्त खिळे शोधून काढा, नाहीतर मेस्ताचा रंधा गेला. मत्ती हा गोव्याचा राज्यवृक्ष खरा, पण तिचं लाकूड जड, सुकायला हट्टी. पहिल्या टेबलाला नको.

"बागायतीतला साग आहे, स्वस्तात देतो" असं कुणी म्हटलं तर तोडणीचा परवाना मागा. १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली तो लागतो. वखारीतून घेतलं तरी पक्कं बिल सोडू नका.

फळ्या घरी आल्या की लगेच मेस्ताला देऊ नका. ज्या खोलीत टेबल राहणार तिथेच, मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून तीन आठवडे रचून ठेवा आणि वर वजन ठेवा.